सव्वातेवीस इंचांचं टेबल

४ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. दादा गेल्यावर दर महिन्याच्या पत्राची त्याची पाळी तू घेतलीस आणि एकदाही चुकवली नाहीस, याचं मला कौतुक आहे. दादा हमखास चुकवायचा. फोनवर बोलत जा म्हणून तुझी मुलगी आपल्या दोघींना सांगून थकली, पण फोनवर आपण ‘बरी आहेस ना?’, ‘बरी आहे’ एवढंच बोलतो आणि मग आधी फोन कुणी ठेवायचा यावर घोटाळतो. त्यापेक्षा हे बरं.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. नाही. मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. राग मानू नकोस. तुझ्या घराला नावं ठेवायला जागा नाही आणि तुला तर नाहीच नाही. पण मी तिथे येऊन करू काय? इथे माझं टेबल आहे. टायपिंगचा वर्ग बंद पडला तरी छापखान्याकडून हस्तलिखितं येतात. मी ती कॉम्प्युटरवर उतरवते, लेखकांच्या चुका सुधारते आणि लेखक माझ्यावर चिडतात. दिवस कसा मजेत जातो. तुझ्याकडे मी सोफ्यावर बसणार, तू चहा आणून देणार, मी ‘कशाला त्रास घेतेस’ म्हणणार. सुरुवातीला दोघींनाही गोड वाटेल. मग मी पाहुणी होईन, आणि त्यानंतर अडचण. रिकामं बसून कुणाच्या घरचं खाणं मला जमायचं नाही, मग ते घर सख्ख्या भावाचं का असेना.

काम थांबलं की पुढे काय, तेही ठरवून ठेवलंय. गावाबाहेर एकट्या बायकांसाठी एक निवास आहे, तिथे नाव नोंदवलंय. खोली रिकामी झाली की कळवतील. जागा स्वच्छ आहे, जेवण वेळेवर मिळतं आणि कुणी कुणाच्या मिंध्यात नाही. मी जाऊन बघून आले आहे.

तेव्हा हा विषय मिटला असं समज. अक्षर जरा वेडंवाकडं आलंय, पेन नवं आहे.

तुझी नणंद

*

१५ जानेवारी

प्रिय वन्सं,

मिटला तर मिटला. पुन्हा विचारणार नाही. तुमच्या भावाशी संसार केलाय मी, तुमच्या घराण्यातलं ‘नाही’ कसं असतं ते मला चांगलं माहीत आहे.

आज वेगळ्याच कामासाठी लिहितेय. मला कॉम्प्युटर घ्यायचाय. हसलात ना? हसा. मुलगी म्हणते, मोबाइलवर बोलताना तुझं नुसतं कपाळ दिसतं, एक मोठा पडदा घे म्हणजे आई पुरती दिसेल. शिवाय अजून दोन-चार जुन्या बायका माझ्याकडेच कपडे शिवतात, त्यांना नवे गळे, नव्या बाह्या दाखवता येतील. खालच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, ‘ऑल-इन-वन’ घ्या. म्हणजे टेबलाखाली वेगळा डबा नाही, वायरींचा गुंता नाही, यंत्राचा सगळा जीव पडद्याच्या पाठीतच. ते मला पटलं. वायरीत पाय अडकून पडायचं माझं वय नाही.

पण मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही आयुष्यभर या यंत्रांपुढे बसलात. म्हणून असं करा. तुम्ही तुमच्यासाठी घेतला असता तर कोणता घेतला असता, कसा पारखला असता, ते मला लिहून कळवा. पडदा केवढा, बटणं कशी, टेबल कसं, उजेड कुठल्या बाजूने, काही सोडू नका. वहिनीला कशाला हवंय म्हणून हातचं राखून सांगायचं नाही. समजा की तुमचाच घ्यायचाय.

डोळे कसे आहेत? सहज विचारलं. गेल्या खेपेला आलात तेव्हा मी सुईत दोरा ओवायला दिला, तर ‘कंटाळा आला’ म्हणालात. तुम्हाला कंटाळा आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तुमची वहिनी

*

२४ जानेवारी

प्रिय वहिनी,

हसले. मग उठून चहा केला, पुन्हा पत्र घेऊन बसले आणि पुन्हा हसले. या वयात तू शिकायचं म्हणतेस याचा मला खरोखर आनंद झाला. वर्ग बंद झाल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं. डोळे ठणठणीत आहेत. तुझी सुईच बारीक होती.

आता नीट ऐक. इथे बसून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, पण तुझ्यावर माझा विश्वास आहे. कापड घेताना तू जशी बोटांत चुरगाळून बघतेस, तशी हे यंत्रही हाताळून घे. विक्रेत्याच्या तोंडाकडे बघू नकोस. आधी पडदा बंद करायला सांग आणि त्याच्यासमोर उभी राहा. त्यात तुझं तोंड लख्ख दिसलं तर तो पडदा घरात आरसा म्हणून लाव, वाचायला घेऊ नकोस. खिडकी पाठीमागे आली की त्यात उजेडाशिवाय काही दिसायचं नाही. मळकट, न चमकणारा पडदा घे. चोवीस इंच पुष्कळ झाला. मग यंत्र चालू असताना त्याच्या पाठीला कान लाव. घोंघावत असेल तर सोड, दिवसभर ते ऐकून डोकं उठतं.

या ऑल-इन-वनची एक खोड आहे, ती विक्रेता सांगणार नाही. सगळं एकाच अंगात, त्यामुळे एक बिघडलं की सगळंच दुरुस्तीला जातं, आणि पुढे त्यात भर घालायची म्हटलं तर सहसा जमत नाही. म्हणून मेमरी घेतानाच भरपूर घे, सोळा जीबी तरी असू दे. एसएसडी आहे ना ते विचार, नाहीतर चालू व्हायला इतका वेळ लागतो की तोवर तुझ्या दोन बाह्या शिवून होतील. दुरुस्तीला माणूस घरी येतो की यंत्र उचलून न्यावं लागतं, हे लेखी घे. पडदा मागेपुढे कलतो, पण बहुतेकांचा वर-खाली होत नाही. त्यासाठी खाली लाकडी पाट ठेवता येईल.

बटणं शेवटी बघ, पण सर्वांत जास्त वेळ तीच बघ. सोबत मिळणारी बहुतेक फुसकी असतात. डोळे मिट, बोटं ठेव आणि काहीही बडव. इंग्रजी एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात, तू अक्षरांच्या भानगडीत पडू नकोस, बोटाला उंचवटा लागला की झालं. बोटाला घर सापडलं पाहिजे, मग डोळ्यांचं काम नाही. वर्गात मी पोरींच्या हातांवर रुमाल टाकायची ते याचसाठी. टेबलाचं नंतर सांगते. एवढंच लक्षात ठेव की तुझ्यासारख्या ताडमाड बाईने तयार टेबलावर विसंबू नये.

एक मनातलं लिहू? तू आता मुलीशी रोज पडद्यावर बोलणार. रोज दिसलीस की ती ‘ये’ म्हणणार, आणि एक दिवस तू जाशील. जा. आईने मुलीकडे जावं, त्यात गैर काही नाही. मला बोलवत होतीस तेव्हा मला वाटलं होतं की तू कायम तिथेच असशील, म्हणून जरा चुकल्यासारखं झालं इतकंच.

तुझी नणंद

*

१० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

मी कुठेही जात नाही. मुलीच्या घरी जिने फार आहेत आणि जावई बारीक आवाजात बोलतो. ते मनातून काढून टाका.

तुमच्या पत्राची घडी पर्समध्ये घालून तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातल्या विक्रेत्याने मला पाहिलं आणि थेट कोपऱ्यातल्या सर्वांत लहान यंत्राकडे नेलं. ‘आजी, तुम्हाला हे पुरेल.’ मी म्हटलं, ‘मला किती पुरतं ते तुम्हाला कसं कळलं?’ तिथून बाहेर. दुसऱ्या दुकानात सगळे पडदे चकचकीत. बंद पडद्यासमोर उभी राहिले तर मागचे दिवे, पंखा आणि जांभई देणारा मालक, सगळी मंडळी दिसली. तिथूनही बाहेर.

तिसऱ्या दुकानातला गृहस्थ मात्र भला निघाला. चष्मेवाला, सावकाश बोलणारा. त्याने आधी खुर्ची दिली. मी डोळे मिटून बटणांवर बोटं ठेवली तेव्हा बिचारा घाबरला, ‘बरं वाटत नाही का?’ म्हणाला. मी सांगितलं, आमच्या वन्संनी असंच पारखायला सांगितलंय. यंत्राच्या पाठीला कान लावला तेव्हा मात्र त्याने काही विचारलं नाही. आवाज जवळजवळ नाहीच, माझं शिवणयंत्र याहून दसपट कुरकुरतं. सोबतची बटणं तुम्ही म्हणालात तशी फुसकी. त्याने आतून दुसरी आणून दाखवली, जरा खोल जाणारी, टकटक वाजणारी. तुमच्या वर्गाच्या जिन्यावर यायचा तोच आवाज. मी उगीचच दोनदा बडवून बघितली.

आता पडद्याचं. तुम्ही चोवीस म्हणालात, मला सत्तावीस बरा वाटतोय. त्यावर अक्षरं पाहिजे तेवढी मोठी होतात. काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरंसुद्धा करता येतात. आणि वन्सं, ते यंत्र मजकूर वाचूनही दाखवतं, चक्क मराठीत! आत एक बाई आहे. आवाज सरकारी कचेरीतल्यासारखा, आणि भलत्याच ठिकाणी थांबते. तुम्ही असता तर कान धरला असता तिचा. ही असली सोय कामाची असते का हो? तुमचं मत कळवा, मग ठरवते.

तुमच्या गेल्या पत्राची शेवटची ओळ आधीच्या ओळीवर चढून बसली होती. पेन अजून नवंच आहे वाटतं.

तुमची वहिनी

*

२२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पेनाची चौकशी पुरे.

सत्तावीस म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तुझी नजर घारीची, दहा पावलांवरून उसवलेला टाका दिसतो तुला. तुला एवढी मोठी अक्षरं कशाला? पण तुझा हट्ट असेल तर घे, पडदा मोठा झाला म्हणून कुणाचं वाईट होत नाही. ती खोल जाणारी बटणंच घे, त्यात तडजोड नको.

वाचून दाखवणाऱ्या बाईचा तुला काही उपयोग नाही. तरी तिचा वेग कमी-जास्त करता येतो का ते विचारून ठेव. आणि जोडाक्षरं नीट म्हणते का? स्वल्पविरामाला थांबते का, की नुसतीच सुटते? मागे जाऊन एक ओळ पुन्हा वाचायला सांगता येते का? सहज विचारतेय. नव्या गोष्टींची माहिती असावी.

टेबलाचं सांगते. खुर्चीत बसायचं, पावलं जमिनीला सपाट टेकवायची, दंड सैल सोडायचे आणि हात कोपरात वाकवायचे. जमिनीपासून कोपरापर्यंत जे माप येईल तेवढ्या उंचीवर बटणं हवीत, वर नाही आणि खाली नाही. जेवणाचं टेबल वापरशील तर महिन्याभरात खांदे भरून येतील. सुताराकडून पाय कापून घे. उजेड डाव्या हाताने येऊ दे.

माझ्याकडे नवीन काही नाही. छापखान्याचं एक हस्तलिखित परत पाठवलं, लेखकाचं अक्षर फारच गिचमिड होतं. दुसरंही पाठवलं. निवासातून निरोप आलाय, एप्रिलच्या मध्यावर एक खोली रिकामी होतेय. पूर्वेची आहे, सकाळी ऊन येतं म्हणतात. हो म्हणून कळवीन बहुतेक.

तुझी नणंद

*

८ मार्च

प्रिय वन्सं,

हो म्हणून इतक्यात कळवू नका. खोली पूर्वेची असली म्हणून काय झालं, शेजारीण घोरणारी निघाली तर? जरा दम धरा.

यंत्र घरी आलं. सत्तावीसचंच घेतलं. जोडायला आलेल्या माणसाला मी चहा दिला आणि तुमचे सगळे प्रश्न विचारून घेतले. आतल्या बाईचा वेग वाढवता येतो, कमी करता येतो, मागे जाऊन हवी ती ओळ पुन्हा वदवून घेता येते. स्वल्पविरामाला थांबते. जोडाक्षरं म्हणते, पण लांब शब्द आला की घसरते, मग तिला अक्षर-अक्षर वाचायला लावायचं. त्या माणसाने वैतागून विचारलं, ‘एवढं कोण वापरणार?’ मी म्हटलं, ‘चहा घ्या.’ दुरुस्तीला माणूस घरी येईल हे लेखी घेतलंय. मेमरी सोळा.

शिवणयंत्र मी बाहेरच्या खोलीत आणलं आणि मागची खोली रिकामी केली. खिडकी डाव्या हाताला येईल असं टेबल लावलं. सुतार माझ्या ओळखीचाच, त्याच्या बायकोचे कपडे मी शिवते. ‘बाई, एवढं बुटकं?’ असं त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, मी सांगते तेवढंच काप. बरोबर सव्वातेवीस इंच ठेवलं, सुताएवढाही फरक नाही. खुर्चीही त्याच मापाची शोधली. पडद्याखाली पाट ठेवलाय. आता सगळं जिथल्या तिथे आहे. बटणं फार छान वाजतात, पण मला रोज वाजवायला वेळ होत नाही.

तुम्ही येऊन एकदा बघून जाल का? राहायला या असं म्हणत नाहीये. नुसतं बघायला.

तुमची वहिनी

*

१४ मार्च

वहिनी,

मी मूर्ख आहे असं तुला वाटतं का?

सव्वातेवीस इंच! लग्नाच्या फोटोत तुझ्या शेजारी दादाला विटेवर उभं करावं लागलं होतं. तुझं कोपर सव्वातेवीस इंचांवर यायला तुला रांगावं लागेल. ते माप माझं आहे. मी एवढी वर्षं पोरींना मापं घ्यायला शिकवली, माझं मला पाठ आहे. तुझे गुडघेसुद्धा त्या टेबलाखाली जायचे नाहीत.

म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवत होतीस. मुलगी, कपाळ, नवे गळे, सगळं खोटं. आणि मी इथे भाबडी, वहिनी शिकतेय म्हणून आनंदाने पानंच्या पानं लिहीत बसले. त्या सरकारी बाईबद्दल सुद्धा तू मुद्दाम विचारलंस, आणि मीही प्रश्नावर प्रश्न करत गेले. आता आठवलं की लाज वाटते. माझ्या डोळ्यांचं तुला कुणी सांगितलं? मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला तर मुळीच नाही.

मला कुणाची कीव नको आहे. तुझी तर अजिबात नको. टेबल एखाद्या शाळेला देऊन टाक, लहान मुलांना बरोबर होईल.

निवासाला मी आज हो कळवणार आहे.

नणंद

*

१९ मार्च

प्रिय वन्सं,

शिव्या पोचल्या. सगळ्या माझ्या हक्काच्या आहेत. खोटं बोलले, हे खरं. मुलगी माझ्या कपाळाशीच खुशाल बोलते, तिची काही तक्रार नाही. तुम्ही ‘नाही’ म्हटल्यावर मला दुसरी वाट सुचली नाही. सरळ सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्याच पत्राला दार लावून घेतलं असतं.

डोळ्यांचं कुणी सांगितलं नाही. सुई तुम्ही हातात घेतलीत आणि तिच्याकडे न बघता बाजूला बघितलंत, तेव्हाच कळलं. मग तुमची पत्रं आली. फेब्रुवारीच्या पत्रात तर एक पूर्ण ओळ दुसरीवर लिहिली होती. मी ती उजेडाला धरून वाचली. हस्तलिखितं परत पाठवल्याचं तिथेच होतं. लेखकाचं अक्षर गिचमिड म्हणून काम सोडणाऱ्या तुम्ही नव्हेत. आणि माप म्हणाल तर मी शिवणारी बाई आहे, तुमचा खांदा, तुमचा दंड, तुमची बैठक हे सगळं माझ्या हातात बसलेलं आहे. ते वरचं पाव इंच मला सोडवलं नाही आणि त्यातच सापडले. चोवीस लिहिलं असतं तर पचलं असतं.

आता कीवेचं. ती कुणी कुणाची करायची ते आधी ठरवू.

दुकानात पडदा बघत होते तेव्हा मी त्या भल्या गृहस्थाला म्हटलं, ‘हे असते तर म्हणाले असते, काय करायचाय एवढा मोठा?’ त्याने मान वर करून विचारलं, ‘हे कोण?’ त्याची काही चूक नव्हती. पण वन्सं, मी तिथेच खुर्चीवर बसले आणि मला रडू आवरेना. मुलीला ते ‘बाबा’. शेजाऱ्यांना ‘साहेब’. मी ‘हे’ म्हटल्यावर कोण ते न विचारणारं माणूस आता तुमच्याशिवाय दुसरं उरलेलं नाही. ते किती जोरात शिंकायचे, हरल्यावर पत्ते कसे आपटायचे, हे मी कुणाला सांगू? सांगायला गेलं की आधी ते कोण होते इथपासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढा दम मला नाही. घर खायला उठतं म्हणतात ते मला फार उशिरा कळलं. संध्याकाळी मी शिवणयंत्र नुसतंच फिरवत बसते, खाली कापड नसतं.

तेव्हा ही तुमची सोय नाही, माझी आहे. टेबल तुमच्या मापाचं केलं, कारण तुम्ही म्हणाला होतात की रिकामं बसून खाणार नाही. मग बसू नका रिकाम्या. छापखान्याला सांगा, कागद इकडे पाठवा. मी तुम्हाला वाचून दाखवीन, छापलेलं असेल तर ती सरकारी बाई दाखवील. बोटं तुमची आहेतच, त्यांना डोळे लागत नाहीत असं तुम्हीच लिहिलंत. लेखकांना चिडवायचं काम तुम्ही इथूनही करू शकता.

आणि एक. चहा मी आणून देणार नाही. आधण तुम्ही ठेवायचं. मला चारच्या सुमारास लागतो, साखर कमी.

निवासाला कळवलं असेल तर कळवलं. मी टेबल शाळेला देणार नाही. ते तिथेच राहील. रोज धूळ पुसत जाईन.

तुमची वहिनी

*

६ एप्रिल

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मला एका दमात वाचता आलं नाही. थोडं भिंगाने वाचलं, उरलेलं खालच्या औषधवाल्या बाईंकडून वाचून घेतलं. पत्ते आपटण्याची ओळ मी त्यांना दोनदा वाचायला लावली. दादा पत्ते आपटायचा आणि वर म्हणायचा, वाटणाऱ्याचा हात खराब आहे. वाटणारी बहुतेक वेळा मीच असायची.

मी तुला फार टाकून बोलले. ते विसरू नकोस, पण मनात ठेवू नकोस.

आता खरं सांगते, कारण लपवण्यासारखं तू काही शिल्लकच ठेवलं नाहीस. दोन्ही डोळ्यांत मधोमध धुरकट डाग आहे. कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले पूर्ण अंधार होणार नाही, पण गेलं ते परत येणार नाही. शब्द वाचायला गेलं की नेमका तोच शब्द जातो. माणसाकडे बघितलं तर कान आणि केस दिसतात, चेहरा दिसत नाही. मी काही दिवस त्या डागाशी भांडले. मग वाटलं, कुणाला कळायच्या आत निवासात जाऊन बसावं. तिथे सगळ्याच अनोळखी, कुणाचा चेहरा दिसला नाही तरी फरक पडणार नव्हता.

निवासाला हो कळवायला गेले होते. पूर्वेची खोलीही बघितली. चांगली आहे. टेबल मात्र भिंतीत पक्कं केलेलं, छातीपर्यंत येणारं. तिथल्या बाईंना विचारलं, हे खाली घेता येईल का? त्या म्हणाल्या, इथे कुणी काही काम करत नाही हो, लोक विश्रांतीला येतात. मी घरी आले आणि रात्रभर नव्हे, चांगले आठ-दहा दिवस त्यावर विचार केला. शेवटी त्यांना निरोप पाठवला की खोली दुसऱ्या कुणाला द्या.

छापखान्याशी बोलले. डोळ्यांचंही सांगून टाकलं. मालक म्हणाला, आमच्या निम्म्या चुका तुम्ही मोठ्याने वाचताना कानानेच पकडत होतात, बघत कधी होतात? एक हस्तलिखित तो तुझ्या पत्त्यावर पाठवतोय. लेखक नवा आहे, सोळा ओळींचं एक वाक्य लिहितो. वाचताना तुला दम लागेल, आत्तापासून तयारी ठेव.

वीस तारखेची सकाळची गाडी घेतलीय. सामान थोडंच आहे. चहाचं आधण मी ठेवीन, साखरेचा डबा कुठे असतो ते पहिल्या दिवशी दाखव आणि मग त्याची जागा बदलू नकोस. कुठल्याच वस्तूची बदलू नकोस.

स्टेशनवर तू येच. मी डब्यातून उतरेन आणि तिथेच उभी राहीन, इकडेतिकडे हलणार नाही. हात हलवू नकोस, मला दिसणार नाही. तू उंच आहेस, पण फलाटावर उंच माणसं आणखीही असतील. मला हाक मार. चारचौघांत लाजू नकोस, लोकांनी वळून बघितलं तरी बघू देत. तू मला किती वेळा बोलावलंस आणि मी किती वेळा नाही म्हटलं, ते माझ्या लक्षात आहे. या खेपेला पहिल्याच हाकेला ओ देईन.

तुझी,
नणंद